घरत सरांच्या बावीस पुड्या

प्रा. काशिनाथ घरत यांची आणि माझी पहिली भेट झाली, ती मी वर्गात उशिरा पोहोचल्यामुळे. पनवेलच्या आमच्या महाविद्यालयात एम.ए.चा तो पहिलाच तास होता. "सर, रस्त्यात कंटेनर आडवा झाला होता," मी म्हणाले. सर रागावले नाहीत. "कुठल्या देशातल्या कंपनीचा?" त्यांनी विचारलं. मला काय ठाऊक! "मग उद्या बघून या. आणि ती कंपनी इथेच का आली, तेही शोधा." त्या शोधात माझी पुढची कित्येक वर्षं गेली.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या विद्वत्तेवर या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. मी मिठाबद्दल लिहिणार आहे.

सरांचं घराणं उरणकडच्या मिठागरांवर राबलेलं. परदेशी गुंतवणुकीवरच्या त्यांच्या पुस्तकाचं सार एवढंच, की कंपनीला राजकीय रंग नसतो. ती बंदर, जमीन आणि नफा बघते. सरकार डावं की उजवं, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. या एका सिद्धांतावर आमच्या कित्येक तुकड्या पास झाल्या. सरांची एक रीतही आम्हाला तशीच पाठ होती. संशोधनासाठी जो मुलाखत देईल, त्याला भावाच्या मिठागरातल्या मिठाची पुडी द्यायची. "माणसाने आपल्याला वेळ दिला, आपण रिकाम्या हाताने जाऊ नये," असं ते म्हणत. पुड्या स्वतः बांधत आणि मोजून देत.

पीएच.डी.साठी मी कंपन्यांच्या बावीस अधिकाऱ्यांना भेटले. सोळा जणांनी सरांचंच म्हणणं सांगितलं. उरलेले सहा जण मात्र निर्णयाच्या बैठकीत स्वतः बसलेले होते, आणि त्यांनी निराळंच ऐकवलं. एक गृहस्थ म्हणाले, "जागा उत्तम होती, बंदर जवळ होतं. पण तिथलं सरकार आमच्या मालकांच्या विचारांचं नव्हतं. फाइल तिथेच मिटली." सरांचं आयुष्यभराचं काम माझ्या हातून मोडणार, या भीतीने मी त्या सहाही मुलाखती गुपचूप वगळल्या. वर वाटलं, आपण गुरूच्या मिठाला जागलो.

मसुदा वाचून सरांनी घरी बोलावलं. माझं माहेर उरणजवळच्या चिरनेरचं, त्यामुळे घरी आमचं बोलणं गावच्या भाषेत चाले.

"पुड्या बावीस नेल्यास. मुलाखती सोळाच कशा?"

मी मसुद्याची पानं उगाच चाळू लागले.

"सहा पुड्या भाजीत घातल्यास काय गो?"

सरांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, हसू फुटलं, मला रडू. मी सगळं सांगून टाकलं. सरांनी कपाटातलं आपलं पुस्तक काढून हातात घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी चुकलो हाय ना?" ते म्हणाले. "मंग तसंच लिव. मला वाचवायला तुला संशोधनाला नाय लावलंय."

तोंडी परीक्षेला सगळे प्राध्यापक जमले होते. सर उभे राहिले आणि म्हणाले, "या मुलीने माझा सिद्धांत खोडला आहे, आणि तिचा पुरावा भक्कम आहे." नंतर ते ग्रंथालयात बसून आपल्या पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीत चिठ्ठी चिकटवत राहिले: 'हे मत आता माझे नाही. कारणासाठी पुढील प्रबंध पाहावा.' खाली माझं नाव होतं. काही जण हसले. मी मात्र त्या दिवशी शिक्षक व्हायचं ठरवलं.

आता मीही शिकवते. गेल्या महिन्यात माझी सुकापूरची विद्यार्थिनी चाचरत म्हणाली, "मॅडम, तुमच्या प्रबंधाशी माझ्या मुलाखती जुळत नाहीत. सरकार कुठल्याही विचारांचं असो, निवडणुकीनंतर करार टिकणार का, एवढंच हे लोक विचारतात." खोटं कशाला बोलू, मला आधी रागच आला. मग सरांना फोन केला. ते खळखळून हसले. "पोरीला किती पुड्या पाठवू?" त्यांनी विचारलं. भावाचं मिठागर आता उरलं नाही; सर बाजारातून खडेमीठ आणतात, पण पुड्या अजून स्वतःच बांधतात.

सर, तुमचं आणि माझं म्हणणं खोडायला अजून पुष्कळ मुलं यायची आहेत. त्यांच्यासाठी तुमचे हात असेच धडधाकट राहोत. माझ्या प्रबंधात चिकटवायची चिठ्ठी मी लिहून ठेवली आहे. ती तुम्ही तपासून द्यायची आहे, आणि तिच्यानंतर लागतील त्या चिठ्ठ्याही. तेव्हा शंभरीच्या आत सुटका नाही, प्रकृती सांभाळा.