ताईचे शहाण्णव टक्के

छापखान्यात सगळे त्याला वैद्य म्हणत. त्याने आयुष्यात कुणाला साधी खोकल्याची गोळीसुद्धा दिली नव्हती. त्याच्या ताब्यात चौदा संगणक होते आणि त्या चौदाही संगणकांची नाडी तो दिवसभर बघत बसे, म्हणून वैद्य. त्याच्या स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी कायम उघडी असायची. त्यात प्रत्येक मशीनच्या नावापुढे रंगीत पट्ट्या होत्या. प्रोसेसर किती टक्के राबतोय, मेमरी किती भरली, आत किती तापलंय, सगळं बसल्या जागी दिसायचं. पट्टी वर गेली की वैद्याच्या भुवया वर जात, खाली आली की खाली येत. अकरा वर्षं हा व्यायाम अखंड चालू होता.

तसा माणूस निरुपद्रवी. कुणी म्हणालं, "वैद्यबुवा, आज मशीन फार रेंगाळतंय," तर जागचा न हलता तो सांगायचा, "चव्वेचाळीस टक्के. ठणठणीत आहे." मशीन कायमचं मेलं तर तिथे जाऊन, मान हलवून म्हणायचा, "बंद पडायच्या आधी अगदी ठणठणीत होतं." घरीही तीच तऱ्हा. एकदा बायको तापाने फणफणली होती. ह्याने थर्मामीटर बघितला, "मर्यादेत आहे" असं जाहीर केलं आणि पेपर वाचायला बसला. पुढचे आठ दिवस त्याला स्वतःचा चहा स्वतः करून प्यावा लागला, आणि तेही तिला ताप नसताना.

ही नोकरी त्याला ताईने लावून दिली होती. ताई म्हणजे सख्खी थोरली बहीण, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, आणि त्याच छापखान्यात बत्तीस वर्षं प्रुफं तपासणारी. तिने थोरल्या मालकांना सरळ सांगितलं होतं, "भाऊ आहे माझा. यंत्रांशी चांगलं जमतं त्याचं. माणसांशी बोलायचं काम तेवढं देऊ नका." थोरले मालक हसले आणि वैद्याला ताईच्या समोरचंच टेबल मिळालं.

छापखाना काही कादंबऱ्या छापणारा नव्हता. शिवणयंत्रांची माहितीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि मुख्य म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर येतात ती घडीची पत्रकं, जी आपण सगळे न वाचता फेकून देतो. ताई ती तीनदा वाचायची. एकदा सरळ, एकदा शेवटच्या ओळीकडून वर आणि तिसऱ्यांदा फक्त आकडे. "शब्द चुकला तर लगेच खटकतो," ती म्हणायची, "आकडा मेला चुकला तरी तोंड वर करून बसतो." वाचायची छापील कागदावर, हातात लाल पेन्सिल घेऊन. संगणक तिला लागायचा तो मूळ मजकूर उघडून ताडून बघण्यापुरता. पान उघडायचं, मग वीस मिनिटं त्याला कुणी हात लावायचा नाही. वैद्याच्या खिडकीत तिची पट्टी म्हणजे तळाशी पडलेला हिरवा केस. दोन टक्के.

हे असंच चाललं असतं, पण थोरले मालक घरी बसले आणि धाकटे मालक खुर्चीवर आले. मुलगा वाईट नव्हता, फक्त त्याला सगळं काही मोजायचं होतं. पहिल्याच महिन्यात तो वैद्याच्या मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हे कोपऱ्यात काय हलतंय?"

अकरा वर्षांत हा प्रश्न वैद्याला कुणी विचारला नव्हता. तो चाळीस मिनिटं बोलला. धाकट्या मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे कोण किती काम करतंय, ते इथे दिसतं?"

इथे त्याने नाही म्हणायला हवं होतं. त्याला चांगलं ठाऊक होतं की दिसतं ते मशीनचं काम. पण अंगावर पहिल्यांदाच कुणीतरी कौतुकाची शाल टाकत असताना ती कोण झटकतो? वैद्य म्हणाला, "एका अर्थाने, हो."

झालं. पुढच्या शनिवारपासून सूचनाफलकावर यादी लागू लागली. कुणाचा प्रोसेसर आठवडाभरात सरासरी किती टक्के राबला, त्या क्रमाने नावं. पहिल्या आठवड्यात पहिला नंबर आला दरवानाचा, एक्याण्णव टक्के. त्याच्या मशीनवर आठ कॅमेऱ्यांची चित्रं दिवसभर धावत होती आणि त्यांच्यासमोर दरवान दिवसभर घोरत होता. मालकांनी त्याचा हात हातात घेतला. दरवान भला माणूस, त्यानेही विनयाने सांगितलं, "माझं झोपेतही लक्ष असतं, साहेब."

मग काय, बाकीच्यांनीही कंबर कसली. पत्रव्यवहाराच्या कारकुनाने बावन्न खिडक्या उघडून ठेवल्या आणि मागे समुद्राच्या लाटांचा सहा तासांचा व्हिडिओ लावून दिला. तो सत्तरवर पोचला. त्याच्याकडून पत्र मात्र एकही बाहेर पडेना, कारण पत्र टाइप करायला मशीनला फुरसतच नव्हती. मांडणी करणारी मुलगी एकच चित्र पुन्हा पुन्हा मोठं करी, पुन्हा छोटं करी. खोलीत पंख्यांची घरघर इतकी वाढली की लोक एकमेकांशी ओरडून बोलू लागले. कामं तुंबली आणि आकडे मात्र झकास. वैद्य खूश होता. त्याच्या पट्ट्या इतक्या तरतरीत कधीच दिसल्या नव्हत्या.

तिसऱ्या शनिवारी मालकांनी ताईला आत बोलावलं. यादीत ती तिन्ही वेळा शेवटची होती.

"बाई, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगतो," ते म्हणाले. "दोन टक्के म्हणजे काहीच नाही. महिन्याभरात आकडा वर आला नाही, तर तुमची जागा मला ठेवता येणार नाही."

ताई बाहेर आली, जागेवर बसली आणि पेन्सिलीला टोक करू लागली. निवृत्तीला तीन वर्षं होती. घरी दाजींची नजर दोन वर्षांपूर्वी गेली होती, त्यांचं सगळं तिच्यावर होतं. हे वैद्याला कुणी सांगायची गरज नव्हती, तो तिच्या घरी दर रविवारी जेवायला असायचा. ताईची जागा जाणार होती आणि तीही त्याच्या लाडक्या खिडकीपायी.

आता शहाणा माणूस उठून मालकांकडे गेला असता आणि चूक कबूल करून मोकळा झाला असता. वैद्याने संगणक उघडला. चार ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. तो एकपासून आकडे मोजत सुटायचा आणि थांबायचंच विसरायचा. तो त्याने ताईच्या मशीनमध्ये गुपचूप घुसवून दिला. आधी विचार होता चाळीस टक्क्यांपर्यंत न्यावं, संशय येणार नाही. पण बहिणीच्या बाबतीत हात आखडता कशाला घ्यायचा? त्याने शहाण्णव ठेवले.

ताईचं मशीन धापा टाकू लागलं. पान उघडायला तीन-तीन मिनिटं लागू लागली. ती हातात पेन्सिल धरून वाट बघत बसायची, वाट बघता बघता ओळ विसरायची, पुन्हा पहिल्यापासून धरायची.

"अरे, बघ ना जरा," ती दोनदा म्हणाली. "जीव जायला आलाय त्याचा."

"चाललंय की चांगलं," वैद्य मान वर न करता म्हणाला. त्याला आतून गुदगुल्या होत होत्या. तिला कळेल तेव्हा कशी हसेल, याचंच चित्र तो रंगवत होता.

शनिवारी यादी लागली. पहिलं नाव ताईचं. दरवान दुसऱ्या नंबरवर घसरला होता आणि बिचाऱ्याची झोपच उडाली होती. धाकट्या मालकांनी सगळ्यांना फलकापाशी गोळा केलं.

"बघा," ते म्हणाले, "थोडा दाब दिला की माणूस कसा कामाला लागतो. बाईंच्या हातात एवढी ताकद होती, ती बत्तीस वर्षं कुणी बाहेर काढली नाही. वाजवा टाळ्या."

टाळ्या वाजल्या. वैद्याने सगळ्यांत जोरात वाजवल्या.

ताई यादीसमोर उभी होती. तिने ती सरळ वाचली. मग खालून वर वाचली. मग फक्त आकडे वाचले. मग अंबाड्यात खोचलेली लाल पेन्सिल काढली, आपल्या नावापुढचे शहाण्णव खोडले, समासात नेहमीची खूण केली आणि तिथे दोन लिहिले.

"बाई, हे काय?" मालकांनी विचारलं.

"चूक होती," ताई म्हणाली. "या आठवड्यात माझं काम निम्म्यावर आलंय. मशीन उघडतच नव्हतं. शहाण्णव कुठून येतील?"

"अहो, आकडा कॉम्प्युटरने दिलाय."

"देऊ दे. आमच्याकडे जे येतं ते कुणीतरी दिलेलंच असतं." आणि ती जागेवर जाऊन बसली.

वैद्य मागोमाग गेला. ताईने पेन्सिल खाली ठेवली आणि त्याच्याकडे बघितलं. लहानपणी शाळेतून चिठ्ठी आली की ती असंच बघायची.

"तूच ना?"

"तुझी जागा वाचावी म्हणून गं."

"ते कळलं मला." ती हळू आवाजात बोलत होती. "तो मालक परवा आलाय. त्याला माझं काम दिसत नाही, मी त्याला दोष देत नाही. तू अकरा वर्षं माझ्या समोर बसलायस. तुलाही मी दोन टक्केच दिसले का रे?"

"नाही, ताई."

"मग तोंड उघडून ते त्याला सांगायचंस. ते सोडून माझ्या नावावर खोटं चिकटवलंस. बत्तीस वर्षांत माझ्यासाठी पहिल्यांदा टाळ्या वाजल्या आज, आणि त्या कशासाठी, तर तुझ्या त्या घरघरीसाठी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

वैद्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती. तो तसाच वळला आणि मालकांच्या खोलीत गेला. दारावर टकटक करायचंही विसरला.

"शहाण्णव मी घातले," तो म्हणाला. "ताईला माहीत नव्हतं."

मग त्याने सगळं सांगितलं. खिडकीत मशीन राबताना दिसतं, माणूस राबताना दिसत नाही. दरवानाचं मशीन मरमर मरतं आणि दरवान घोरतो. ताई एकेक पत्रक तीनदा वाचते, त्या वेळी तिच्या मशीनला काही काम नसतं, कारण सगळं काम तिच्या डोक्यात चाललेलं असतं आणि तिथपर्यंत आपली वायर पोचत नाही. या वेळी तो चार मिनिटांत थांबला.

धाकटे मालक म्हणाले, "हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा हो म्हणालात."

"कुणी विचारतच नव्हतं हो, साहेब," वैद्य म्हणाला. "तुम्ही विचारलंत. मला बरं वाटलं."

मालकांनी कपाळ चोळलं. पोरगा मोजायला चुकला होता, पण मूर्ख नव्हता. "यादी काढून टाका," ते म्हणाले. "बाई राहतील. त्यांची मी माफी मागेन." वैद्य वळला, तोच त्यांनी हाक मारली. "एक सांगा. अकरा वर्षं दिवसभर ती खिडकी बघून तुम्ही नेमकं काय केलंत?"

वैद्याने मनापासून आठवून बघितलं. चार वर्षांपूर्वी एक मशीन जळता जळता वाचलं होतं खरं. पण जळका वास आला होता चहावाल्या मावशींना, आणि खिडकीत तेव्हा सगळं हिरवंगार होतं.

"बघत होतो," तो म्हणाला. "नुसता बघत होतो."

"मग एक तारखेपासून मशीन बिघडलं की आपण बाहेरचा माणूस बोलावू," मालक म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच वैद्याला जास्त लागलं.

तो परत आला तेव्हा ताई वाचत होती. तिने डावं बोट वर केलं, थांब म्हणून. तो उभा राहिला. पेन्सिलीचं टोक ओळीखालून सरकत होतं, एखाद्या शब्दाशी थबकायचं, मागे यायचं, पुन्हा पुढे जायचं. ओठ किंचित हलत होते. एका ठिकाणी ती दोन ओळी वर गेली, मूळ मजकूर बघितला, छोटीशी खूण केली आणि पुढे निघाली. एवढ्या वर्षांत त्याने हे नीट बघितलंच नव्हतं. मध्ये स्क्रीन होता.

परिच्छेद संपला तसं तिने बोट खाली घेतलं. "हं. बोल."

"तुझी जागा राहिली."

"आणि तुझी?"

"एक तारखेपर्यंत आहे."

ताईने डोळे मिटले, उघडले. "मूर्खा," ती म्हणाली, आणि पायानेच टेबलाखालचं स्टूल बाहेर ढकललं. "बस. या आठवड्याचं सगळं तुंबलंय. तू मूळ प्रत मोठ्याने वाच, मी इकडे ताडून बघते. विरामचिन्हांसकट वाचायचं, गाळायचं नाही."

वैद्य बसला. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचं पत्रक होतं. त्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीत त्याचा आवाज अडकला.

ताईने मान वर न करता विचारलं, "काय आहे तिथे? स्वल्पविराम?"

"नाही गं," वैद्य म्हणाला. "तिथे काही नाहीये. मीच अडखळलो."