पितळी आडनाव

दोघे सख्खे भाऊ एकाच युद्धात गेले. थोरला बोटीबरोबर बुडाला, म्हणून बंदरावरच्या नौदल स्मारकाच्या भिंतीवर त्याचं नाव पितळी अक्षरांत लागलं. धाकटा गोदीत बोट दुरुस्त करताना बॉयलर फुटून गेला. त्याचं नाव कुठेच नाही.

दरवर्षी स्मरणाच्या दिवशी घरच्यांनी आपापल्या माणसाचं नाव घासायचं, असा तिथला रिवाज. थोरली जाऊ तासभर घासत बसायची आणि धाकटी तिची पिशवी धरून उभी राहायची. "मेलं, मरणातसुद्धा हिचंच वरचढ!" असं मनात म्हणत ती जळफळायची.

यंदा थोरलीचे गुडघे धरले. "तूच घास गं," ती बाकावरूनच म्हणाली.

धाकटीने बाह्या सरसावल्या आणि घाम निथळेपर्यंत चिंधी चालवली. थोरली काठी टेकत बघायला आली, तर आडनाव आरशासारखं लखलखत होतं आणि नाव होतं तसंच काळं.

"अगं, ह्यांचं नाव राहिलं की!"

"ते तुमचं तुम्ही घासा, जाऊबाई," धाकटी चिंधी झटकत म्हणाली. "आडनाव आमच्या ह्यांचंही आहे."