रत्नाबाईंचा एक तास

अन्न आलं की रत्नाबाई आधी स्वतः जेवायच्या आणि लाइनीतली उपाशी माणसं त्यांच्याकडं बघत बसायची. तब्बल एक तास. तासाभरात बाईंना काही झालं नाही, तरच वाढप. गेल्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण ज्यांनी त्यांना बघितलं नाही त्यांच्यासाठी लिहितो.

विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून जरा आत, बाईंचं अन्नकेंद्र होतं. पत्र्याची शेड. फळीवर तांदूळ, डाळ, तेल. ज्याच्या घरातली चूल बंद पडली त्यानं यावं आणि घेऊन जावं. लग्नसराईत मंगल कार्यालयांतलं उरलेलं जेवण टेम्पोनं यायचं, ते तिथंच वाढायचं. बाईंनी पूर्वी एका शाळेत पोरांची खिचडी शिजवली होती. एकदा ती पोरांना बाधली. "तेव्हा जे बघितलं ते पुन्हा बघायचं नाही," एवढंच त्या सांगायच्या. ती भीती त्यांच्या अंगातून कधी गेली नाही.

मी जन्मभर मंडईत पोती वाहिली. मुलाची हिंजवडीला कंपनीची बस चालवायची नोकरी सुटली, तेव्हा सून म्हणाली, केंद्रावर जाऊन या. गेलो, पण लाइनीत उभा राहिलो नाही. बाईंना सांगितलं, "मी फुकटचं खात नाही."

"मग पातेली उचला," बाई म्हणाल्या. "ती काही फुकटात उचलली जात नाहीत."

त्या दिवसापासून पातेली माझ्याकडं.

लोक कुरकुरायचे. एकजण म्हणाला, "बाई, तुम्ही बरं आधी पोट भरून घेता!" बाई शांतपणे म्हणाल्या, "हो ना. तुम्ही माझं तोंड बघत बसा. पांढरं पडलं तर घरी जा." आणि मला हळूच म्हणाल्या, "काका, भुकेल्या माणसाला वास कळत नाही. म्हणून तो मला घ्यावा लागतो."

मे महिन्यातली दुपार होती. टेम्पोतून पुऱ्या आल्या, भाजी आली आणि एक मोठं पातेलं बासुंदी. सून कामाला गेली होती, म्हणून माझी चार वर्षांची नात जुई माझ्याबरोबर होती. बाईंनी सगळ्यातलं थोडं थोडं खाल्लं, वाटी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसल्या. तास भरत आला तसा त्यांच्या कपाळावर घाम दिसला. मला वाटलं, पत्रा तापलाय. तेवढ्यात त्या पोट धरून उठल्या आणि शेडच्या मागं गेल्या. ओकारीचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

परत आल्या तेव्हा त्यांना धड उभं राहवत नव्हतं. "काका, झाकणं लावा. कशालाच कोणी हात लावायचा नाही."

झाकण लावायला वळलो, तर पातेल्यामागं जुई बसलेली. हातात बाईंचीच वाटी. ओठांना, हनुवटीला, फ्रॉकला बासुंदी.

मी तिच्या हातातली वाटी हिसकावून घेतली. पोरीला बाईंनीच उचललं आणि रिक्षा थांबवली. मी चढायला लागलो, तर माझ्या छातीवर हात ठेवून त्यांनी मला मागं सारलं.

"तुम्ही इथंच थांबा."

"नात आहे ती माझी!"

"माहीत आहे. मी पोहोचवते तिला. पण आपण दोघं गेलो की कोणीतरी झाकण उघडणार. आत्ता तुमच्याइतका हट्टी माणूस मी कुठून आणू?"

रिक्षा गेली. जुई मागच्या बाजूनं मला हात दाखवत होती.

मी बासुंदीचं पातेलं ओढत गटारापाशी नेलं आणि ओतायला लागलो. लाइनीत एकच आरडाओरडा झाला. बंद पडलेल्या बांधकामावरचा एक विदर्भातला गडी धावत आला आणि त्यानं माझं मनगट धरलं. "काऊन बुढेबाबा, एवढं अन्न फेकून रायले! माजले काय? सकायपासून लेकरं उपाशी हायत माही!"

"हेच माझ्या नातीनं खाल्लंय," मी म्हणालो. "तिला दवाखान्यात नेलंय. जगते का मरते ठाऊक नाही. आता ओतू का देऊ तुझ्या लेकरांना?"

त्यानं हात सोडला. आपल्या दोन्ही पोरांना ओढून घेतलं आणि त्यांची तोंडं उघडून हुंगली. मग बाकीच्या बायाही आपापल्या पोरांची तोंडं तपासायला लागल्या. त्या गड्यानंच पुऱ्या-भाजी ओतायला मला हात लावला. सगळं जेवण गटारात गेलं, तरी लाइनीतलं कोणी घरी गेलं नाही. मी फोन हातात धरून बसलो. वाजावा असंही वाटे, वाजू नये असंही वाटे.

वाजला. माझ्या बोटाला बटण सापडेना. त्या गड्यानंच ते दाबलं आणि आवाज मोठा केला.

"काका?" बाईंचा आवाज पार बसला होता. मागं पोर रडत होती. "वाढलं नाहीत ना कोणाला?"

"नाही. सगळं ओतलं. बाई, जुई..."

"दोनदा ओकली. सलाईन लावलंय. डॉक्टर म्हणतात, आता भीती नाही." बाईही रडत होत्या बहुतेक. "रडतेय ती भुकेनं, काका. ऐकताय ना? भूक लागली म्हणतेय."

मी फोन कपाळाला टेकवला. लाइनीतली एक बाई पदरानं डोळे पुसत पुढं आली आणि म्हणाली, "आजोबा, फळीवरचे तांदूळ काढा. आपण शिजवू."