फुगडीला टिकणारा हुक

माणसाची सगळी संस्कृती दोन टोकं एकमेकांना कशी जोडायची, या एका प्रश्नावर उभी आहे. हा विचार मला सुचला तेव्हा मी गिरगावातल्या आमच्या खोलीत जमिनीवर बसून पितळी तारेचा हुक वळवत होतो, आणि तो तिसऱ्यांदा तुटला होता.

हुक ताईच्या हारासाठी होता. ताई लालबागला राहते आणि तिथल्या बायकांच्या मंगळागौरीच्या ग्रुपमध्ये फुगडी घालते. पूर्वी मंगळागौर घरात व्हायची. आता तिला स्टेज, माइक, परीक्षक आणि निवेदिका लागते. निवेदिका दर दोन खेळांमध्ये आपल्या समृद्ध परंपरेविषयी बोलते, तेवढ्यात बायका दम खातात. मागच्या कार्यक्रमात ऐन फुगडीत ताईच्या हाराचा बाजारी हुक सुटला, मणी स्टेजभर झाले आणि झिम्म्याला आलेली एक बाई त्यांवरून घसरून सरळ परीक्षकांसमोर बसली. ग्रुपने ठरवलं, यापुढे ताईने बाजूला बसून गाणी म्हणावीत.

"गाणी!" ताई माझ्याकडे येऊन म्हणाली. "माझा आवाज ऐकलायस ना तू?"

"मी ऐकलाय. त्यांनी बहुतेक नसावा."

"दात काढू नकोस. भांडून एक चान्स मिळवलाय. हार टिकला तर फुगडी माझी. तू ते तारेचं काहीतरी करत असतोस ना?"

निवृत्तीनंतर मी मोबाइलवर बघून तारेची कानातली करायला शिकलो होतो. घरात ती कोणी घालत नसे, पण कौतुक सगळे करत.

"हार घालूच नकोस," मी सुचवलं.

"नऊवारी, नथ, आणि गळा मोकळा? अरे मेल्या, फोटो काढतात!"

म्हणून हुक. भुलेश्वरातून जरा जाड तार आणली. पितळेची एक खोड असते, एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवलं की ते रुसतं आणि तुटतं. म्हणजे जे वळण द्यायचं ते पहिल्याच फटक्यात. टोक बायकोच्या नखांच्या कानशीने घासून गुळगुळीत केलं, नाहीतर मानेला ओरखडे. पेनावर तार गुंडाळून बाक काढला, शेपटाला छोटी गोल कडी केली, आणि शेवटी खलबत्त्यातल्या बत्त्याने हलकेच ठोकलं. ठोकल्यावर तार कडक होते. चौथा हुक जमला.

"आता टेस्ट," ताई म्हणाली आणि तिने हार माझ्याच गळ्यात घातला. "मी घातला तर मला मागचं दिसणार कसं?"

गॅलरीत आम्ही हात धरले. माझं वय आणि पायजमा, दोन्ही फुगडीला प्रतिकूल. शेजारच्या काकू तांदूळ निवडायचे सोडून बाहेर आल्या.

"भाऊ, नथ राहिली की!"

"काकू, तुम्ही मागून हुक बघा फक्त!"

"बघत्येय हो. हुक ठीक आहे. तुमचं काही खरं दिसत नाही."

मी भिंतीला टेकलो. हुक जागच्या जागी होता.

कार्यक्रमाच्या दिवशी दादरच्या हॉलमध्ये मी खिशात पक्कड घेऊन गेलो. विंगेत ताईची मान माझ्यासमोर, अंबाड्याखाली हुक. ग्रुपची प्रमुख बाई शेजारी उभी राहून हाराकडे बघत होती, साप बघावा तशी.

"दाब जरा," ताई पुटपुटली.

मी दाबला.

"अजून दाब."

मी पक्कड दोन्ही हातांनी दाबली. बाहेर निवेदिका स्त्रीच्या सुप्त सामर्थ्याविषयी बोलत होती.

फुगडी झाली. ताई अशी फिरली की पहिल्या रांगेतल्या एका बाईने घाबरून पर्स छातीशी धरली. एक मणी हलला नाही. प्रमुख बाईने विंगेतच ताईला मिठी मारली आणि पुढच्या कार्यक्रमातली फुगडीही तिचीच, असं सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

त्या रात्री ताई हार गळ्यात घालूनच झोपली. हुक उघडत नव्हता.