दुल्हाभाईंचं मलम

मुरूडच्या आमच्या घराच्या मागच्या दारी मी भाकरीसाठी तांदळाचं पीठ चाळत बसले होते. तेवढ्यात एक म्हातारा खलाशी कुंपणाशी येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, पुन्हा डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "बाय, आमचे तांडेल गेले..." मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठे गेले?" दाऊद तांडेल, शिडाच्या फत्तेमारीचे कप्तान, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आपाचे, नवरे, माझे दुल्हाभाई. त्यांचा जन्मच मुळी जाण्यायेण्यात गेला होता. कधी मलबार, कधी वेरावळ, कधी मुंबईचा भाऊचा धक्का. त्यामुळे ‘गेले’ या शब्दाचा दुसरा अर्थ डोक्यात शिरायला मला वेळ लागला. खलाशाने टोपी पुन्हा काढून हातात घेतली. नुसता खाली बघत राहिला, आणि मग मला कळलं. परवा त्यांचा चाळिसावा दिवस उरकून मी परत आले. घरात मन लागत नाही, म्हणून त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे.

दिवेआगरच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमचं माहेरचं गाव. नारळ-पोफळीच्या वाड्या, मधून जाणारी पाणंद आणि टोकाला मशीद. आपाचं लग्न गावातच झालं. आपा लहानखुरी, अबोल. दुल्हाभाई ताडमाड उंच आणि आवाज असा की डोलकाठीच्या टोकावर बसलेल्या खलाशालाही वाऱ्यातून ऐकू जावा. फत्तेमारीवर तोच आवाज कामी येई, पण घरात पंचाईत. आपाच्या कानात काही गुपित सांगायला जात आणि चार घरांपलीकडचा शेजारी ओरडून विचारी, "तांडेल, मग पुढं काय झालं?" मी तेव्हा मराठी शाळेत शिकत होते. बंदरातून परतले की ते मला हाक मारून समोर बसवायचे आणि म्हणायचे, "मेहरू, काय शिकलीस ते वाच. न समजलं तरी चालंल, ऐकायला बरं वाटतं."

लग्नानंतर दोनएक वर्षांनी आपाच्या कोपरांवर पांढरट खपल्या दिसू लागल्या. पुढे त्या हातांवर आल्या, गुडघ्यांवर, पाठीवर. कातडी सुकून तडकायची आणि भेगांतून रक्त यायचं. भांडी घासताना राख लागली की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, पण तोंडातून शब्द नाही. गावात मात्र शब्द फुटला होता. महारोग... कुणी तोंडावर म्हणत नसे, पण विहिरीवर गेली की बायका पुढे होऊन म्हणत, "राहू दे खैरून, तुझी घागर आम्ही भरून देतो." ती माया नव्हती, दोराला तिचा हात लागू नये म्हणून चाललेली ती धडपड होती. तिची सासू, हाजराअम्मा, वाईट बाई नव्हती. पण भीती माणसाला वाईट करते. तिने आपाची थाळी आणि कटोरा वेगळा काढून पडवीतल्या फळीवर ठेवला.

दुल्हाभाई पावसाळ्याच्या तोंडावर घरी आले. फत्तेमारी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारली आणि घरात पाऊल टाकताच त्यांना फळीवरचा कटोरा दिसला. हा कुणाचा, म्हणून विचारलं. अम्माने आपाकडे बोट केलं. मग त्यांनी त्याच कटोऱ्यात पाणी ओतून घेतलं आणि सगळ्यांदेखत प्यायले. अम्माने कपाळाला हात लावला. "दाऊद, अजून वय हाय तुझं. दुसरं लगीन कर. धर्मानं मुभा हाय." यावर ते जे बोलले ते अर्ध्या गावाने ऐकलं. "अम्मा, आधी एक तरी धड सांभाळू दे मला!"

पाऊस ओसरल्यावर ते आपाला होडीने अलिबागला घेऊन गेले. सोबतीला मी होते. डॉक्टरांनी तिच्या चट्ट्यांवर सुई टोचून पाहिली. आपा कळवळली, तसे डॉक्टर हसले. "दुखलं ना? मग हा महारोग नव्हे. हे कुणाला लागायचं नाही. पण खोटं कशाला सांगू, हे समूळ जायचंही नाही. कातडी कोरडी पडू देऊ नका, तेलातुपात मऊ ठेवा." परतीच्या वाटेवर आपा रडत होती आणि दुल्हाभाई आनंदाने शीळ घालत होते. समूळ जाणार नाही हे तिने ऐकलं होतं. कुणाला लागणार नाही एवढंच त्यांनी.

नुसतं खोबरेल लावून पाहिलं, ते तासाभरात सुकून जाई. तेव्हा दुल्हाभाईंना जहाजावरची रीत आठवली. खाऱ्या पाण्याने हात फुटले की जुने खलाशी बकऱ्याची चरबी चोळत. त्या काळी बकरीद पावसाळ्यात येत असे. पुढच्या बकरीदला नमाज आटोपून सगळे घरोघर गळाभेटी घेत होते आणि आमचे तांडेल हातात पातेलं घेऊन दारोदार फिरत होते. मांस नको, बकऱ्याच्या गुर्द्याभोवतीची पांढरी चरबी तेवढी द्या. लोकांना तेवढीच गंमत. एकाने विचारलं, "तांडेल, होडीला चोपडायचीय की बायकोला?" ते म्हणाले, "दोघींना. दोघींच्या जिवावर तर माझा संसार हाय." विचारणाराच हसून हसून बेजार झाला आणि घरात जाऊन आपल्या वाटणीची सगळी चरबी घेऊन आला.

मागे वाडीत तीन दगडांची चूल मांडून त्यांनी ती कढवायला घेतली. पहिली खेप करपली. जाळ मोठा झाला आणि चरबी तांबडी होऊन तिला असा उग्र वास सुटला की अम्मा पदर नाकाला लावून शेजारी जाऊन बसली. दुसऱ्या खेपेला त्यांनी बारीक तुकडे केले, थोडं पाणी घातलं आणि नारळाच्या सोडणांचा मंद विस्तव ठेवला. जगाला ओरडून हुकूम देणारा हा माणूस चुलीपाशी उकिडवा बसून शांतपणे पातेलं ढवळत राहायचा. चरबी वितळली की मलमलच्या कपड्यातून गाळायची, मिठाच्या पाण्यात पुन्हा वितळवायची, थिजू द्यायची आणि तळाशी बसलेला गाळ सुरीने खरवडून टाकायचा. असं दोन-तीनदा केलं की खोबऱ्यासारखा पांढराशुभ्र गोळा हाती यायचा. मग त्यात कडुनिंबाचा पाला उकळलेलं खोबरेल आणि डोंगरातला कातकरी आणून देई ते मधमाशांचं मेण. मेण जास्त झालं तर मलम दगड होई, कमी झालं तर उन्हात पाणी. हे सगळं ते चुकत-माकत शिकले.

एकदा त्यांनी मलमाचं भांडं माजघरात उघडंच ठेवलं आणि वर आडव्या दांडीला सुके बोंबील टांगलेले होते. शेजारी जे असेल त्याचा वास चरबी धरते, हे तेव्हा कुणाला ठाऊक! दुसऱ्या दिवशी आपाने ते अंगाला लावलं आणि गावातली झाडून सगळी मांजरं तिच्या मागे लागली. आपा हसत सुटली. किती दिवसांनी ती अशी हसत होती... दुल्हाभाई आधी खजील झाले, मग एकाएकी उठून म्हणाले, "बोंबलाचा वास धरते, तर फुलाचा का न्हाय धरणार?" परसात सोनचाफा होता. परातीत मलम पसरून त्यावर ते चाफ्याची फुलं पालथी मांडून झाकून ठेवू लागले. सकाळी जुनी फुलं काढायची, ताजी ठेवायची. आठवडाभरात बकऱ्याचा वास कुठल्या कुठे गेला. आमच्या घरात माणूस यायच्या आधी आपाचा सुगंध येऊ लागला.

मलम लावायचं ते मात्र पडवीत, दिवसाउजेडी. त्या वेळी नवऱ्याने चारचौघांत बायकोशी बोलणंही चालत नसे, आणि हे तिचा हात मांडीवर घेऊन बोटन्‌बोट चोळत बसायचे. पाणंदीवरून जाणारे थबकून बघत. आपा शरमेने अर्धी होई. "आत चला ना, लोक बघतायत." ते म्हणत, "बघायलाच तर बसलोय इथं. बघतील रोज, की मला काय बी झालं न्हाय." त्यांच्या मनातलं मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं. ते आपाच्या कातडीवर जेवढे उपचार करत होते, तेवढेच गावाच्या भीतीवरही.

अम्मा महिनाभर हे बघून धुमसत राहिली. पण वाडीत उन्हापावसात राबून तिच्याही टाचा फुटल्या होत्या. एका दुपारी मी गेले, तर अम्मा भिंतीला टेकून बसलेली, पाय पसरलेले, आणि आपा तिच्या टाचांच्या भेगांत मलम भरत होती. कुणी कुणाला विनवलं, मला माहीत नाही. मला बघून अम्मा खेकसली, "बघतेस काय? चहा टाक."

माझं लग्न झालं तेव्हाची गोष्ट मात्र मला सांगितलीच पाहिजे. आमच्यात दावतीला एका मोठ्या थाळ्याभोवती चार-पाच जणी बसतात आणि एकत्र जेवतात. मी नवरी म्हणून कोपऱ्यात बसलेली, डोक्यावरून ओढणी, पण फटीतून सगळं दिसत होतं. आपा एका थाळ्यापाशी बसली आणि तिच्याबरोबर कुणीच बसेना. जी ती ‘इकडं जागा हाय’ म्हणत दुसरीकडे सरके. पुलावाचा तो भरलेला थाळा आणि त्याच्यापुढे एकटी माझी बहीण... मला वाटलं, उठावं आणि जाऊन बसावं. पण नवरीने कसं उठायचं? एवढ्यात हाजराअम्मा आपल्या थाळ्यावरून उठली. गुडघ्यावर हात देत देत आली, "सरक जरा" म्हणून आपाला खेटून बसली आणि आपाच्या पुढ्यातला घास उचलून तोंडात घातला. मग चावत चावतच मान वर करून म्हणाली, "काय गं बायांनो, जेवण आवडलं न्हाय का?" एक आली, मग दुसरी आली. थाळा भरला.

दुल्हाभाई बाहेर पुरुषांच्या पंगतीत वाढत होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पाठवणीच्या वेळी मीच त्यांना सांगितलं. ऐकलं आणि इतका मोठा आवाज असलेल्या त्या माणसाने पाठ फिरवून माझ्या पेटीला बांधलेला दोर सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला... शेवटी माझे मालक म्हणाले, "भाई, भरती उतरंल, निघू द्या आता."

पुढे आगबोटींमुळे शिडाच्या फत्तेमाऱ्यांचा धंदा कमी झाला आणि ते घरी राहून वाडी बघू लागले. आपाचा आजार डॉक्टरांनी सांगितला तसाच राहिला, थंडीत वाढायचा, पावसात कमी व्हायचा. मलम कधी थांबलं नाही. चाफा नसेल तेव्हा मोगरा, मोगरा नसेल तेव्हा बकुळ. यंदाच्या थंडीत मी भेटायला गेले तेव्हा त्यांना खोकला होता, आवाज निम्म्यावर आला होता. आपा पाणी आणायला गेल्याचं बघून मला म्हणाले, "मेहरू, तिच्या पाठीला तिचा हात पुरत न्हाय." एवढंच. मी ते हसण्यावारी नेलं.

चाळिसाव्यानंतर पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपाला पडवीत बसवलं आणि तिच्या पाठीला मलम लावायला घेतलं. पाठ पार सुकली होती, इतक्या दिवसांत कुणी लावलंच नव्हतं. मी जपून, बोटांच्या टोकांनी लावत होते. मग आपा म्हणाली, "तुझा हात मऊ हाय गं. त्यांचा दोर ओढून ओढून नुसता खरबरीत. लावायचे तेव्हा जखमांवर बोचायचं. कधी कधी जीव कळवळायचा."

"एवढी वर्षं?" माझा हात थांबला. "मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

आपाने मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"सांगितलं असतं, तर लावायचे थांबले असते ना..."