माईक माझा, आवाज आईचा

माझ्या नोकरीच्या मुलाखतीतली पहिली दोन उत्तरं आईने दिली. तिला याची कल्पना नव्हती. मलाही नव्हती!

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. ज्युनिअर कॉलेजात शिकवण्याच्या जागेसाठी लॅपटॉपवरून मुलाखत होती. दिवेआगरला वारा माणसापेक्षा मोठ्याने बोलतो, म्हणून बाबांनी सुपारी विकून मला नवाकोरा माईक घेऊन दिला. माणगावचा दुकानदार म्हणाला, "ओठांशी धरा, हळू बोला. ओरडलात तर आवाज फाटतो."

माईक जोडला. आईने त्याला हळदकुंकू लावलं. लॅपटॉपने विचारलं, कुठला माईक वापरू? यादीत दोन नावं. एक लॅपटॉपच्या पोटातल्या माईकचं, दुसरं म्हणजे नुसते आकडे. अनोळखी आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? मी ओळखीचं नाव निवडलं!

"टेस्टिंग मी करतो," बाबा म्हणाले. (गावच्या पूजेत माईक त्यांच्याच हातात असतो.) त्यांनी घसा खाकरला. "हॅलो! हॅलो! ज्यांची चप्पल हरवली हाय, त्यांनी मंडपात यावं!"

लॅपटॉपवर हिरव्या रेघा नाचल्या. शेजारच्या वाडीतून कुणीतरी विचारलं, "कसली चप्पल?" माईक पास!

रेंज फक्त परसदाराच्या खिडकीत येते, म्हणून लॅपटॉप खिडकीत. मी लांब, पांढऱ्या भिंतीला टेकून, माईक ओठांशी धरून. खिडकीबाहेर आई आणि नलूकाकू सुपारी वाळत घालत होत्या. त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं, पण मी निर्धास्त. एवढा चांगला माईक फक्त माझंच ऐकणार ना!

पडद्यावर प्राचार्या मॅडम आणि दोन सर अवतरले.

"वर्गात मुलांनी गोंधळ घातला, तर काय कराल?"

"प्रेमाने समजावीन," मी कुजबुजलो.

नेमक्या तेव्हाच कोंबड्या सुपारीत शिरल्या. "एकेकाची तंगडी धरून कुंपनाच्या भायेर फेकीन!" आई कडाडली.

मॅडम खुर्चीत मागे सरकल्या. मला वाटलं, प्रभावित झाल्या!

"बरं... आमच्याच कॉलेजात का यायचंय?"

मी ज्ञानदानाबद्दल भरभरून कुजबुजलो. बाहेर काकूने विचारलं, "पोराचं काय झालं गो नोकरीचं?"

"दुसरं कोनी घेत न्हाय ना त्याला!" आई म्हणाली. "आता हे घेतील तर घेतील!"

एका सरांनी तोंडावर फाईल धरली. दुसऱ्यांचे खांदे हलू लागले. मॅडम सावकाश म्हणाल्या, "ओठ तुमचे हलतायत, पण आवाज बाईंचा येतोय."

मला यादीतलं ते ओळखीचं नाव आठवलं. म्हणजे लॅपटॉप इतका वेळ खिडकीत बसून स्वतःच्याच कानांनी ऐकत होता! बाबांची आरोळीही त्याने तशीच ऐकली होती. ती तर माईकशिवाय श्रीवर्धनला पोचली असती! मी भान विसरून किंचाळलो, "आई, गप बस!"

"हां!" मॅडम म्हणाल्या. "आता आलात तुम्ही."

उरलेली मुलाखत मी खिडकीत, लॅपटॉपला नाक लावून दिली. त्यांना बहुधा फक्त माझ्या नाकपुड्या दिसल्या असाव्यात.

तरीही नोकरी मिळाली! आई म्हणते, तिच्यामुळे. (वाद घालायला माझ्याकडे पुरावा नाही.) आता मी रोज वर्गात उभा राहून तळमळीने शिकवतो, आणि मागच्या बाकावरून रोज तीच आरोळी येते, "सर, काही ऐकूच येत नाही!"

इथे तर दोष द्यायला माईकही नाही.