सुपावरची गणितं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलेलं काम म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगा सोलणं. शुक्रवारची दुपार होती. मी ओट्यावर, माझी बायको सुंदरा दाराच्या आत, उंबऱ्याला टेकून, मांडीवर सूप. सोलता सोलता ती मला उद्याचं गणित शिकवून राहिली होती. मी तिसऱ्यांदा चुकलो तेव्हा म्हणाली, "तुमच्या डोक्यात नुसती वाळूच हाये, का थोडं सिमिट बी हाये?" मी शेंगेतली अळी काढून तिच्याकडं फेकली. ती हसली. एवढंच. संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली, आणि जीप हिंगोलीला पोचायच्या आत ती गेली.

ती मला गणित शिकवत होती — हे तुम्ही वाचून पुढं गेलात ना? आमच्या गावातला कुणी असता तर थांबला असता. म्हणाला असता, म्हाताऱ्यानं उलटं लिहिलं. उलटं नाही. सुलटं पहिल्यांदाच लिहितोय. हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही — निदान ऐकून घेईल अशा कानावर तरी नाही. दुसरी शिकलेला माणूस मी, अक्षर विटेएवढं. तरी लिहितो.

मी गवंडी. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या आजूबाजूच्या गावांत आम्ही जोडीनं भिंती उभ्या केल्या. मी वर फळीवर, ती खाली माल कालवून घमेली देणारी. घरमालक यायचा, विचारायचा, मिस्त्री, या भिंतीला विटा किती लागतील? मला काय ठाऊक? सुंदरा घमेलं वर देता देता, ओठ न हलवता, आकडा सांगायची. परक्या पुरुषापुढं बाईनं आवाज काढायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. मग आवाज मी काढायचो. मालकाची बोटं चालू असायची तोवर आमचा आकडा तयार. आणि तो आकडा कधी चुकला नाही. लोक म्हणायचे, मिस्त्रीच्या डोक्यात यंत्र बसवलंय.

रीत होती म्हणून मी बोललो, सुरुवात अशी झाली. पण रीत कुठं संपली आणि चोरी कुठं सुरू झाली? मला ती जागा बराबर माहीत आहे. येतो तिथं. जरा दमानं येतो.

ती शाळेत एक दिवस गेली नाही. तिचा बाप कापूस तोलायच्या कामावर होता. त्याच्याजवळ बसून तिनं पावकी, निमकी, औटकी — औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा — ऐकून ऐकून पाठ केल्या. बाकीच्या युक्त्या तिनं तिच्या काढल्या, विटांच्या थप्पीवर. सत्त्याण्णव गुणिले शहाण्णव. तुम्ही कसं कराल? ती म्हणायची, "भरलेलं मोजू नका, रिकामं मोजा. सत्त्याण्णव म्हंजे शंभराला तीन विटा कमी. शहाण्णव म्हंजे चार कमी. तीन अन् चार सात, शंभरातून सात गेले, त्र्याण्णव. आता तीन चोक बारा. त्र्याण्णवाच्या पुढं बारा मांडा." नऊ हजार तीनशे बारा. मला हे कळायला तीन दिवस लागले. तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

शाळेची भिंत बांधताना मास्तरांनी माझी 'हुशारी' पाहिली. तालुक्याला तोंडी गणिताची स्पर्धा असते. कागद नाही, पेन नाही, मिनिटात जितकी सुटतील तितकी. मास्तर म्हणाले, आबा, शनिवारी शाळा सुटली की पोरांना घेऊन बसत जा. मी 'व्हय' म्हणालो. काहून म्हणालो? 'न्हाई' म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

मग रीतच पडली. शुक्रवारी ती मला एक युक्ती शिकवायची, शनिवारी मी आमच्या ओट्यावर ती पोपटासारखी पोरांपुढं बोलायचो. एखादं पोरगं मधेच भलतं गणित विचारायचं. मी खोकायचो. आतून सूप वाजायचं. सुपावरची थाप म्हणजे दहा, बांगडीचा आवाज म्हणजे एक, आणि आकडा शंभराच्या वर असला तर आधी शेकडे वाजवून ती मधे एकदा सूप घोळायची, मग उरलेलं वाजवायची. पोरांना वाटायचं आजी दाणे पाखडते. एकदा एक पोरगी म्हणालीसुद्धा, "आजी, किती पाखडता, समदे दाणे उडून जातील!" ती म्हणाली, "जाऊ दे गं, चिमण्यांची पोटं भरतील." आणि लगेच पुढची थाप. मला इकडं हसू आवरेना.

असं तिनं मला आयुष्यभर हुशार ठेवलं. मी चौकात गेलो की माणसं खुर्ची सरकवतात. मास्तर मला आधी बसवतात, मग बसतात. दुसरी शिकलेल्या गवंड्याला हा मान कुणी दिला? गावानं नाही दिला. दाराच्या आत बसलेल्या एका बाईनं दिला, शेंगा सोलता सोलता, आणि वर कधी बोलून दाखवला नाही. तिची आठवण आली की पहिल्यांदा रडू येत नाही मला. पहिल्यांदा वाटतं, काय नशीब काढलं आपण.

आता ती जागा.

दोन सालं झाली. स्पर्धेत आमच्या शेजारची कावेरी तालुक्यात पहिली आली. सेनगावला मांडव घातलेला. मला वर बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. सुंदरा समोर बायांत बसलेली, ठेवणीतलं लुगडं नेसून. माइकवाल्यानं विचारलं, "आबा, हे समदं शिकलात कुठं?" इथं कोणतीच रीत आडवी नव्हती. घमेलं नव्हतं, घरमालक नव्हता. तिचं नाव घ्यायला एक श्वास पुरला असता. मी म्हणालो, "कुठं न्हाई. माझं मीच. विटा रचता रचता."

तिथं थांबलो असतो तरी खोटारडाच ठरलो असतो, पण थांबलो नाही. माइकवाला गमतीनं म्हणाला, "मग आजीला बी येत असंल की!" आणि मी म्हणालो —

मी म्हणालो, "तिला? तिला तव्यावरच्या भाकरी मोजता येत न्हाईत!"

सगळा मांडव हसला. पदर तोंडाला लावून तीही हसली. येताना जीपमध्ये मी तिच्याकडं बघायचं टाळत होतो. ती आपणहून बोलली, "कावेरीनं पंचाहत्तरचा वर्ग किती झटकन सांगितला, बघितलं का?" डोळे चमकून राहिले होते तिचे. दुसरा शब्द नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. पुढच्या शुक्रवारी नवी युक्ती तयार होती.

पण मी केलेली ती थट्टा गावात राहिली. पोरं तिला विचारायची, आजी, भाकरी किती झाल्या? आणि ती — माझं खोटं उघडं पडू नये म्हणून — मुद्दाम चुकायची. "धा... न्हाई, नऊ... जाऊ द्या ना रे पोरांनो!" पोरं लोळून हसायची. मीही हसायचो.

शनिवारी तिला अग्नी दिला. रविवारी सकाळी राख सावडून आलो तर ओट्यावर माणसं बसलेली, शेजारणीनं चहा आणलेला. मास्तर पोरांना घेऊन आले होते. कावेरी हुंदके देऊन राहिली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, पोरांना मी शिकवलं न्हाई. समदं ती सांगायची. मला कायबी येत न्हाई."

कावेरीच्या आजीनं डोळ्यांना पदर लावला. "असा नवरा भेटायला भाग्य लागतं गं माय!" मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आबा, तुमचं मन लई मोठं. गेल्यावर बी तिलाच मान देऊन राहिले."

मी म्हणू शकलो असतो, घाला मला एक गणित. कुठलंही, पाठ न केलेलं. समोर पोरं होती, मास्तर होते, आत सूप वाजवायला कुणी नव्हतं. एका मिनिटात सगळ्यांना दिसलं असतं.

मी म्हणालो नाही. मान खाली घातली. लोकांना वाटलं मी रडतोय. मी रडत नव्हतो. ते माझं कौतुक करत होते, आणि मला बरं वाटत होतं.